वर्गातले प्रश्न : बोलत नाही, पळत नाही, येत नाही

या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शिक्षकांची पत्रं बरीच आली. त्यांत एक शब्द सारखा भेटला : 'आळशी'. वर्गात बोलत नाही म्हणून आळशी, पीटीला बसून राहतो म्हणून आळशी, खाडे करते म्हणून आळशी. त्याच पत्रांत पुढे जे तपशील दिले आहेत, ते मात्र वेगळं सांगतात. उत्तरं त्या तपशिलांना धरून दिली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : धडगाव तालुक्यातल्या पाड्यावर पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. बहुतेक मुलं पावरी बोलणारी. मैदानावर गलका करतात, वर्गात आली की तोंडाला कुलूप. चार महिने झाले. एक मुलगी तर हो-नाहीसुद्धा म्हणत नाही.

ताई, मैदानावर गलका करतात हे लिहिलंत ते बरं केलंत. म्हणजे मुलांना बोलायला येतं आणि आवडतं, घोडं अडतंय ते मराठीपाशी. नवी भाषा कानावर पडायला लागली की मूल काही आठवडे, कधी काही महिने नुसतं ऐकतं. त्या काळात शिकणं चालूच असतं. आपण मात्र उत्तर मागत राहतो, ते चुकतं, बाकीची हसतात आणि कुलूप पक्कं होतं.

आधी एक गोष्ट आठवून बघा. तिकडच्या बोलींत मोठ्या माणसालाही सहज 'तू' म्हणतात. जूनमध्ये एखादं पोर "तू कुठं जातेस?" म्हणालं आणि "बाईंना तू म्हणतोस?" असं खेकसणं त्याच्या वाट्याला आलं असेल, तर धडा त्या एकट्याने नाही, सगळ्या वर्गाने घेतलेला असतो. 'तुम्ही' शिकवायला दुसरीची दिवाळी उजाडली तरी काही बिघडत नाही.

मग सहा वाक्यं गोळा करा : तहान लागली, लघवीला जायचंय, पोट दुखतंय, भूक लागली, त्याने मारलं, समजलं नाही. चौथीच्या दोन मुलांना जवळ बसवून ती पावरीत विचारा, देवनागरीत वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि स्वतः पाठ करा. मूल ही वाक्यं मराठीत शिकेल तेव्हा शिकेल, तुम्हाला ती पावरीत कळायला आठवडा पुरतो. लघवीला जायचंय हे सांगता न आल्यामुळे चड्डीत झालेलं मूल पुढे कित्येक दिवस शाळेकडे फिरकत नाही.

चाळीस मिनिटांच्या तासात पहिली दहा मिनिटं वस्तू किंवा चित्र समोर ठेवून मुलांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या. पुढची वीस मिनिटं त्याच वस्तूवर मराठी, वाक्यं छोटी आणि तीच तीच. उरलेल्या दहांत मुलं आधी शेजाऱ्याला सांगतील, मग वर्गाला. प्रश्न विचारला की मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक एका सेकंदात दुसऱ्या मुलाकडे वळतात, आणि पावरीतून मराठीत येणाऱ्या मुलाला तेवढ्यात वाक्य जुळवताच येत नाही. एक चूक हमखास होते : प्रत्येक मराठी वाक्यामागे लगेच पावरी भाषांतर. तसं केलं की मुलं मराठी ऐकणंच सोडतात, कारण भाषांतर येणार हे त्यांना ठाऊक असतं. दुसरी चूक म्हणजे चौथीतल्या एकाच हुशार मुलाला वर्षभर दुभाषा करणं. त्याचा अभ्यास बुडतो. दहा मिनिटांची पाळी लावा.

न बोलणाऱ्या मुलीचे आधी कान बघा. ती पाठमोरी असताना दोन हातांच्या अंतरावर उभं राहून हळू आवाजात ओळखीच्या वस्तूंची नावं घ्या आणि ती वस्तू उचलते का पाहा. कानातून पू येतो का, हेही बघा, लहान मुलांत ते खूप आढळतं. मग आईला विचारा, घरी बोलते का? घरीही बोलत नसेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं तेव्हा दाखवा, पण त्यासाठी थांबून राहू नका, प्राथमिक आरोग्य केंद्र आहेच. घरी चुरुचुरु बोलते आणि शाळेत मैत्रिणीशीही महिनोन् महिने अवाक्षर नाही, असं असेल तर बोलायची सक्ती पूर्ण थांबवा. बोट दाखवणं, मान हलवणं, मैत्रिणीच्या कानात सांगणं, मग तुमच्या कानात, अशी पायरी-पायरीने वाट द्या. परिपाठाला पुढे उभं करणं ही शेवटची पायरी.

जळगाव-धुळ्याकडच्या सरांनी हे फक्त सातपुड्यातलं समजू नये. अहिराणी घरातलं मूल 'मी शाळामा जास' लिहितं तेव्हा लाल रेघ ओढून काय मिळतं? फळ्यावर दोन रकाने करा, 'घरी म्हणतो' आणि 'पुस्तकात लिहितो'. एकीकडे 'मना', दुसरीकडे 'माझा'. एकीकडे 'आठे ये', दुसरीकडे 'इकडे ये'. अहिराणीत मुलगा-मुलगी दोघंही 'मी जास'च म्हणतात, त्यामुळे 'जातो' की 'जाते' इथे गोंधळ होणारच. त्याला चूक म्हणण्याआधी त्याचं मूळ दाखवलं, तर मूल दोन्ही भाषा नीट धरतं.

प्रश्न : आश्रमशाळेत सातवीला शिकवतो. दोन मुलं पीटीला बसून राहतात, सारखं अंग दुखतं म्हणतात, तासाला दोनदा पाणी आणि लघवीसाठी उठतात. थंडीत तर आंघोळच टाळतात. एकाला सिकलसेल असल्याचं पालक आता सांगतात. काय काळजी घ्यावी?

सर, तुम्ही लिहिलेली चारही लक्षणं सिकलसेलमध्ये बसतात. दुसऱ्या मुलाचीही तपासणी करून घ्या. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने मूल वाहक (आजार फक्त पुढच्या पिढीकडे नेऊ शकणारं) आहे की रुग्ण, हे ठरतं. वाहकाला सहसा त्रास नसतो, त्याने इतरांसारखं खेळावं-पळावं. पुढचं सगळं रुग्ण असलेल्या मुलाविषयी आहे.

या आजारात तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि जिथे अडकतात तिथे कळा येतात. साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसच, म्हणून रक्त कमी आणि दम लवकर. मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, म्हणून लघवी जास्त आणि तहान जास्त. शरीरातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला किंवा दमछाक झाली की कळा सुरू होतात. हे लक्षात ठेवलं की वर्गात काय करायचं ते आपोआप सुचतं.

पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, लघवीला जाताना परवानगी मागायला लावू नका. दाराजवळची जागा द्या, म्हणजे वर्गाचं लक्ष जात नाही. पहाटे पाचला हौदाच्या गार पाण्याने आंघोळ ही आश्रमशाळेतली सर्वांत धोक्याची वेळ. डिसेंबर-जानेवारीत या मुलाला कोमट पाणी द्या किंवा त्याची आंघोळ उन्हं वर आल्यावर ठेवा. अधीक्षकांना हे लेखी सांगा, तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं. खेळू द्या, पण पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पाणी, आणि दमला की त्याच्या शब्दावर विश्वास. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या कुणालाच नकोत, याला तर अजिबात नकोत. थंड पाण्यात पोहायला सोडू नका.

कळ आली की पाणी पाजा, उबदार पांघरूण द्या, दुखऱ्या जागी कोमट शेक द्या. बर्फ लावू नका, त्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी शाळेत ठेवलेली असावी. कळा कमी व्हाव्यात म्हणून दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल तर ती रोजची गोळी आहे. दुखत नाही म्हणून बंद करायची नाही आणि सुट्टीत घरी जाताना पुरेशा गोळ्या बरोबर द्यायच्या. शाळेत मिळणारी साप्ताहिक लोहाची निळी गोळी या मुलाला द्यायची का, हे मात्र त्याच्या डॉक्टरांनाच विचारा. वारंवार रक्त चढवलेल्या मुलांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं.

पुढची लक्षणं दिसली की वाट न बघता १०८ला फोन : १०१ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, छातीत दुखणं किंवा धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक भयंकर डोकेदुखी, पोटाची डावी बाजू फुगून चेहरा पांढराफटक पडणं. मुलग्यांत लिंग ताठर राहून दुखत राहण्याचा त्रासही होतो. लाजेने ते सांगत नाहीत, म्हणून पुरुष शिक्षकाने एकदा एकांतात सांगून ठेवावं की असं झालं तर रात्रीसुद्धा उठवायचं.

आणि एक. हा आजार वर्गशिक्षक, अधीक्षक आणि मुख्याध्यापक एवढ्यांनाच माहीत असू द्या. हजेरीपटावर नावापुढे खूण, किंवा "ए सिकलवाल्या" अशी हाक, यातून पुढे सोयरिकीपर्यंत गोष्टी जातात. दवाखान्यामुळे चार-पाच दिवस बुडतातच. त्याचा स्वाध्याय एका फायलीत साठवा आणि परतल्यावर त्यातलं गणित व भाषा एवढंच करून घ्या.

प्रश्न : साक्री तालुक्यातली शाळा आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली मुलं मार्चमध्ये परत येतात. "पाहुणे आले" म्हणून वर्ग हसतो. सहावीचा अभ्यासक्रम निम्म्याहून जास्त झालेला असतो. त्यांना कुठून सुरुवात करून द्यायची?

सुरुवात खरं तर दिवाळीआधी व्हायला हवी. जाणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत ते बसू शकतं. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाच्या सोयीत त्याचं नाव घाला, यासाठी गट साधन केंद्राशी ऑक्टोबरच्या आतच बोलावं लागतं.

परत आल्यावर पहिल्या दिवशी पेपर नको. तीन दिवस फक्त निदान. पहिल्या दिवशी दुसरीच्या, मग चौथीच्या पुस्तकातला एकेक उतारा एकट्याला बाजूला घेऊन वाचायला द्या. दुसऱ्या दिवशी पाच गणितं : चार अंकी संख्येची स्थानिक किंमत, हातच्याची बेरीज, उसनवारीची वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, एक अंकी भागाकार. कुठे तुटलंय ते तिथे दिसतं. बहुधा वजाबाकी आणि भागाकार. तिसऱ्या दिवशी नुसत्या गप्पा. मग रोज पंचेचाळीस मिनिटं इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा. मार्च-एप्रिलमध्ये वाचन आणि चार क्रिया एवढंच धरा, इतिहास-भूगोल ऐकून-बोलून होऊ द्या. सगळं भरून काढायला गेलात तर काहीच होत नाही.

गणिताला त्यांच्या हातचा मसाला वापरा. उसाची एक मोळी १५ किलोची धरली तर १ टनात किती मोळ्या आणि किती किलो उरतात? (६६ मोळ्या, १० किलो बाकी.) बाकी काय असते हे या मुलांना चटकन कळतं, आणि हसणारी मुलं त्यांच्याकडे बघायला लागतात. मात्र घरची उचल किती, मुकादमाचं देणं किती, असलं वर्गात विचारू नका. पहिले पंधरा दिवस काही मुलं बाकावर झोपतील. महिनोन् महिने पहाटे उठलेली असतात. वीस मिनिटं झोपू द्या. अंगाला खाज असेल तर खरूज असू शकते. औषध घरातल्या सगळ्यांनी एकदम लावलं नाही तर ती परत येते, हे आईला समजावून सांगा.

प्रश्न : छडी बंद झाल्यापासून आठवीतली पोरं जुमानत नाहीत. उठाबशाही काढू द्यायच्या नाहीत का? वर्ग कसा हाताळायचा?

नाही, उठाबशाही नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. उन्हात उभं करणं आणि सगळ्यांदेखत लाज काढणं त्यातच येतं.

तुमच्या पत्रात गोंगाटाच्या वेळा दिल्या आहेत : तास बदलताना, वह्या गोळा करताना, फळ्यावरचं उतरवताना. म्हणजे शिकवताना वर्ग शांत असतो! तर मग या तीन जागा दुरुस्त करा. तुम्ही वर्गात शिराल तेव्हा फळ्यावर दोन उदाहरणं तयार असावीत, हजेरी ती सोडवत असताना घ्या. वह्या रांगेनुसार पुढे सरकवत आणा, मुलं जागेवरच राहतील. शांततेची खूण एकच ठेवा, हात वर करून पाचपासून उलटे आकडे, आणि गोंगाटावर आवाज चढवून बोलू नका. पहिल्या आठवड्यात शांत व्हायला दोन मिनिटं लागतील, तेवढं थांबा. तिसऱ्या दिवशी कंटाळून ओरडलात की खूण मेली.

एकाला समज द्यायची तर बाकाशी जाऊन हळू आवाजात, दोन वाक्यांत : काय दिसलं आणि आता काय करायचं. उतरवताना बोलणारी मागच्या बाकावरची मुलं खरंच खोडसाळ आहेत का? शेजाऱ्याच्या वहीत बघत असतील तर सहा मीटरवरून तक्त्याने एकेक डोळा तपासा. दर सोमवारी रांग एक बाक पुढे सरकवा, पुढची मागे जाईल. कायमचा मागचा बाक राहिला नाही की निम्मी दादागिरी संपते.

प्रश्न : नववीतली मुलगी होळीपासून अधूनमधून येते, आता आठवडा झाला आलीच नाही. मैत्रिणी सांगतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लग्न आहे. मी मध्ये पडावं का?

पडावं, पण एकटीने नाही. मुलीचं वय १८ पूर्ण नसेल तर २००६च्या कायद्याप्रमाणे तो बालविवाह आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना, अंगणवाडी सेविकेला आणि मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, तिथे सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात. शाळेच्या निर्गम उताऱ्यावरची जन्मतारीख काढून ठेवा, वयावरून वाद होतो तेव्हा तीच कामाला येते. ज्या मैत्रिणीने सांगितलं तिचं नाव कुठेही येऊ देऊ नका. मांडव घातल्यावर गेलात तर सगळ्यांचा पवित्रा बदलतो, दोन आठवडे आधी बोलणं सोपं जातं.

आणि अफवा खोटी निघाली तर? मग खाड्यांच्या तारखा महिन्याच्या कॅलेंडरवर मांडा. दर महिन्याला तेच तीन-चार दिवस असतील तर शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह बघा : आतून कडी, पाणी, झाकणाचा डबा. तारखा विखुरलेल्या असतील तर गाडीची वेळ बघा. पासचे पैसे ही अडचण असेल तर ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, तो काढून द्या.

प्रश्न : दहावीचा विद्यार्थी गणिताच्या सराव परीक्षेत ४० पैकी ९ गुणांवर अडकलाय. हल्ली "जगून काय उपयोग" असं बोलतो. घाबरवण्यासाठी बोलत असेल का?

गणिताचं नंतर. असं बोललेलं वाक्य खरंच समजायचं. आजच एकांतात सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उपदेश नको, तुलना नको, "कुणाला सांगणार नाही" असं वचनही नको. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, पालकांना बोलावून हाती सोपवा, शेताच्या औषधांचे डबे कुलपात ठेवायला सांगा. कपाशी-केळीच्या घरात ते हाताशीच असतात. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो.

तो सावरल्यावर गणित. भाग एक आणि दोन मिळून लेखी ८०, अंतर्गत २० आणि उत्तीर्ण व्हायला १००पैकी ३५. त्याच्या उत्तरपत्रिकेतल्या चुका तीन रकान्यांत लावा : येतच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, वेळ पुरला नाही. मधला रकाना आधी भरून काढा, तिथे गुण लवकर सुटतात. रोज चार उदाहरणं, त्यांतली दोन मागच्या आठवड्यातली. सोडवलेलं नुसतं वाचून काढल्याने येतंय असा भास होतो, पुस्तक मिटून सोडवलं की खरं कळतं.

प्रश्न : एप्रिलमध्ये सकाळची शाळा असूनही दहानंतर मुलं गळून जातात. पत्र्याच्या वर्गात काही करता येईल का?

गणित-भाषा पहिल्या दोन तासांत घ्या, दहानंतर सावलीत वाचन किंवा चित्रकला. मैदानी खेळ आठच्या आत. पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. दर तासाला पाण्याची घंटा द्या आणि सगळ्यांनी एकदम प्या, नाहीतर लघवीला जावं लागेल म्हणून मुली पाणी पीतच नाहीत. चक्कर आलेल्याला सावलीत आडवं करून पाय उंच ठेवा. शुद्ध हरपली किंवा अंग तापून बरळायला लागला, तर अंगावर पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठा, तोंडात काही ओतू नका. शुद्धीवर असलेल्याला ओआरएस द्या, नसेल तर १ लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. देण्याआधी स्वतः घोटभर चाखा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.